नान्नजचा माळ आणि त्याची चार नावे

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी आम्ही एक निबंध लिहावयास देतो. विषय साधा असतो : ‘मी पाहिलेले वन’. हेतू एवढाच की विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील वर्णने बाजूला ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काही लिहावे. प्रत्यक्षात जे हाती येते ते वाचून आम्ही दरवर्षी थोडे ओशाळतो. झुळझुळणारे झरे, घनदाट वृक्ष, वेलींनी वेढलेल्या आम्रवृक्षांवर कूजन करणारे कोकिळ, हरिततृणांचे गालिचे! सोलापूर जिल्ह्यात सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. झरे झुळझुळतील तर तेही भाद्रपदात चार दिवस. ही मुले नान्नजची, मार्डीची, कारंब्याची, वडाळ्याची असतात. त्यांच्या घराच्या उंबऱ्यावरून दिसणारी भूमी त्यांच्या निबंधात कधीच येत नाही. त्यांनी लिहिलेले वन त्यांनी पाहिलेले नसते आणि पाहिलेल्या भूमीला ती वन मानीत नाहीत.

दोष मुलांचा नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. मराठी निबंधाची आणि निसर्गकवितेची जी परंपरा आपण त्यांच्या हाती देतो, ती मुख्यतः सह्याद्रीच्या पाण्यावर पोसलेली आहे. कोकण, मावळ, खानदेशातील नदीकाठ आणि विदर्भातील अरण्ये यांना आपल्या साहित्यात हक्काची जागा आहे. पर्जन्यछायेतील माळाला ती तितकीशी मिळालेली नाही. मिळाली तेव्हा बहुधा दुष्काळाची पार्श्वभूमी म्हणून मिळाली. ‘ओसाड’, ‘उजाड’, ‘बोडका’ ही माळाची ठरलेली विशेषणे आहेत. ‘ओसाड गावी एरंड बळी’ या म्हणीत तर झाड नसणे म्हणजे काहीच नसणे, हा निवाडा आधीच होऊन गेलेला आहे.

एका वर्षी आम्ही ठरविले की निबंध तपासण्याऐवजी विद्यार्थ्यांना घेऊन नान्नजच्या माळावर जावे. प्रस्तुत लेख त्या भेटीचा आणि भेटीनंतर केलेल्या वाचनाचा वृत्तान्त आहे.

*

या भेटीमागे एका इंग्रजी पुस्तकाची प्रेरणा होती, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजी विभागातील आमच्या एका स्नेह्यांनी ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९–२०१५) या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आमचे लक्ष वेधले. रॅकहॅमने १९७५ साली हेली वुड नावाच्या एका लहानशा बनावर संपूर्ण पुस्तक लिहिले. केंब्रिजशायर परगण्यातील हे बन जेमतेम सव्वाशे एकरांचे आहे. आपल्याकडे एखाद्या सधन वाड्याची शेतीही कधीकाळी तेवढी असे. आम्ही ते बन पाहिलेले नाही आणि पाहण्याचा योग येईल असेही नाही. आम्हांला नवल वाटले ते त्याच्या पद्धतीचे. या बनाची नोंद १२५१ सालच्या ईलीच्या बिशपच्या दप्तरात सापडते. रॅकहॅम ती नोंद हाती घेऊन बनात शिरतो, बनाभोवतीचा जुना बांध आणि चर पायांनी मोजतो, बुंध्यांचे घेर पाहतो, वसंतात फुलणाऱ्या ऑक्सलिप या पिवळ्या फुलाची मोजदाद ठेवतो आणि आसपासच्या खेड्यांनी या बनातून शतकानुशतके काय नेले याचा हिशेब मांडतो.

त्याचा निष्कर्ष इंग्रज वाचकालाही धक्का देणारा होता. ज्याला लोक ‘निसर्गाने राखलेले रान’ समजत होते ते वस्तुतः माणसांनी वापरून राखलेले रान होते. ठरावीक वर्षांनी झाडे बुंध्याशी तोडायची, पुन्हा फुटलेले धुमारे वाढू द्यायचे, कुंपणाला काठ्या आणि चुलीला सरपण न्यायचे, असा तो क्रम होता. खेडी होती म्हणून बन टिकले. दुसरी एक गोष्ट त्याने दाखवून दिली. मध्ययुगीन इंग्लंडात ‘फॉरेस्ट’ हा शब्द झाडांचा नव्हताच. राजाच्या हरणांसाठी विशेष कायदा लागू असलेला प्रदेश म्हणजे फॉरेस्ट. त्यात झाडे असत किंवा नसतही. कित्येक ‘फॉरेस्ट’ म्हणजे नुसते मोकळे माळ होते. शब्द कायद्याचा होता. पुढे तो झाडांचा झाला आणि लोक त्याचा मूळ अर्थ विसरले.

हे वाचताना आमच्या मनात सरळ प्रश्न उभा राहिला. सव्वाशे एकरांच्या बनाला साडेसातशे वर्षांचा लिखित इतिहास असू शकतो, तर आमच्या माळाचा इतिहास कोठे आहे? तो कोणत्या शब्दाखाली शोधावयाचा?

*

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघाले की वीसएक किलोमीटरवर नान्नज लागते. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन भाद्रपदाच्या अखेरीस एका रविवारी पहाटे आम्ही तेथे पोहोचलो. बरोबर सतरा विद्यार्थी होते. त्यांपैकी तिघांची गावे चार-पाच कोसांच्या आतली.

माळ प्रथमदर्शनी काहीच दाखवीत नाही. अरण्यात शिरताना आत शिरल्याची जाणीव होते. माळाला दार नसते. दख्खनच्या काळ्या खडकावर वीतभर मुरमाड माती आणि तीवर गुडघ्याएवढे गवत, एवढेच डोळ्यांना दिसते. मुले प्रथम कंटाळली. मग हळूहळू डोळे सरावले. गवताच्या शेंड्यांवरून चंडोल सरळ वर चढत गेला आणि तेथूनच गाऊ लागला. एकाने दूरवर काळविटांचा कळप दाखविला. दोन-अडीचशे पावलांवर ती जनावरे उभी होती आणि आम्ही पोहोचण्यापूर्वीपासून आमच्याकडेच पाहत होती. माळावर कोणीच कोणापासून लपत नाही. येथील जीवनाचा सारा आधार दुरून दिसणे हाच आहे.

ज्या पक्ष्यामुळे या माळाचे नाव देशभर झाले तो माळढोकही याच न्यायाने जगतो. मीटरभर उंच, नराचे वजन कधी चौदा-पंधरा किलोंपर्यंत जाणारे. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगात फार थोडे. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच ते उबविते. विणीच्या काळात नर गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर उभारून खोल घुमणारा आवाज काढतो. शांत पहाटे तो पुष्कळ दूरवर ऐकू जातो. दख्खनमध्ये त्याला ‘हूम’ असेही नाव होते. ते त्या आवाजाचेच. नाकतोडे, भुंगेरे, बोरे, शेतातले हरभरे आणि भुईमूग हे त्याचे खाद्य. म्हणजे हा पक्षी गवतात वीण घाली आणि आसपासच्या ज्वारी-हरभऱ्याच्या जिराईत रानांत चरे. माळ आणि शेत ही त्याच्या लेखी दोन ठिकाणे नव्हतीच.

आम्हांला माळढोक दिसला नाही. दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. अलीकडच्या वर्षांत नान्नजला दिसलाच तर एखाददुसरा दिसतो. साऱ्या जगात हे पक्षी आता दीडशेच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतील बहुसंख्य राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूस आहेत.

*

परतल्यावर आम्ही दप्तरांकडे वळलो. रॅकहॅमला मिळाली तशी सलग नोंद आमच्या माळाची नाही. तथापि या मुलखातील गवताळ जमिनींना गेल्या तीन-चारशे वर्षांत जी नावे मिळत गेली ती क्रमाने मांडली तर एक इतिहास आपोआप उलगडतो. आमच्या मते अशी नावे चार आहेत.

पहिले नाव ‘कुरण’. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द वारंवार येतो. घोडदळाच्या आणि सरकारी जनावरांच्या चाऱ्यासाठी राखलेली गवताची जमीन म्हणजे कुरण. तेथे कोणी कधी चारावे, गवत कधी कापावे, याचे नियम असत. ज्या राज्याचे बळ घोड्यांवर उभे होते त्याला गवताची किंमत कळत होती. येथे गवत ही संपत्ती होती. जमीन ‘राखलेली’ होती आणि तरी तीवर झाडे नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८१८च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. घोडदळे मोडली. त्यानंतर जमिनीकडे पाहण्याची नजर बदलली आणि तिला दुसरे नाव मिळाले : ‘खराबा’. १८३५–३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू केली. तीच पुढे सोलापूरसह मुंबई इलाखाभर पसरली. या पद्धतीत मातीची खोली, रंग आणि पोत पाहून शेताची प्रत आण्यांत ठरवीत. जी जमीन नांगराखाली येऊ शकत नाही ती आकारणीतून वगळीत. आजही आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ हा शब्द उमटतो तो या परंपरेतून. हिशेबाच्या दृष्टीने ही सोय होती आणि शेतकऱ्याला त्यात दिलासाही होता, कारण ज्यातून पीक नाही त्यावर सारा नाही. परंतु शब्द हिशेबाच्या चौकटीत थांबत नाहीत. जिच्यावर सारा बसत नाही ती जमीन खराब, खराब म्हणजे निरुपयोगी आणि निरुपयोगी म्हणजे कोणाचीही, अशी घसरण पुढील दीडशे वर्षांत झाली. १९८५मध्ये देशात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि २०००मध्ये पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातही झुडपी आणि गवताळ जमिनींची गणना पडिकांत होती. ज्याला पेशव्यांच्या कारकुनाने ‘कुरण’ लिहिले असते त्याला स्वतंत्र भारताच्या नकाशाने ‘पडीक’ लिहिले.

तिसरे नाव ‘वन’. १८७८च्या भारतीय वन कायद्याने सरकारला जमिनी ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ म्हणून घोषित करण्याचे अधिकार दिले. सोलापूरसारख्या जिल्ह्यात अशा प्रकारे वनखात्याकडे आलेल्या जमिनींचा मोठा भाग गवताळ किंवा झुडपी होता. कागदावर ते वन होते, जमिनीवर माळ होता. इंग्लंडातील ‘फॉरेस्ट’ या शब्दाचे जे झाले तेच आता येथे झाले. आधी कायद्याने वन म्हटले आणि मग वन म्हटले आहे तर झाडे हवीत असे वाटू लागले. १९७२च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली या भागात माळाचे तुकडे राखण्यात आले, चराईपासून वाचविण्यात आले आणि गवत पुन्हा वाढले. माळढोकाला त्याचा लाभच झाला. परंतु त्याच हाताने झाडेही लावली गेली. गिरिपुष्प, सुबाभूळ अशी लवकर वाढणारी परदेशी झाडे ओळींनी उभी राहिली. दुरून पाहून जगणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यांसमोर आपण भिंत उभी केली. हे कोणी दुष्टपणाने केले असे नव्हे. दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यात झाड लावणे याहून पुण्यकर्म ते कोणते? पुढे पक्षितज्ज्ञांनी माळढोकाच्या क्षेत्रातून अशी झाडे हळूहळू काढावीत असा सल्ला दिला, तेव्हा अनेकांना तो विक्षिप्तपणा वाटला असेल. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीनेही भर माळावर हाच प्रश्न विचारला : “सर, झाडं तोडायला सांगणारे पर्यावरणवादी कसे?”

चौथे नाव ‘अभयारण्य’. सोलापुरातील पक्षिप्रेमींनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. शब्दातच अरण्य आहे, हा योगायोग नाही. संरक्षण द्यावयाचे तर ते अरण्यालाच, अशी आपल्या भाषेची आणि कायद्याची समजूत. त्याचे घोषित क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि ते सोलापूरबरोबर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरले होते. एवढ्या क्षेत्रात प्रत्यक्ष माळ किती? बाकी सारी शेते, गावे, बाजारपेठा, रस्ते. सोलापूर शहराच्या आसपासचा भागही त्यात आला. पुढे न्यायालयीन मार्गाने हे क्षेत्र कमी होत सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. त्या मधल्या तीसेक वर्षांत जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत प्रत्येक गोष्टीला अडथळा आला आणि पक्ष्याविषयी गावांत जी कटुता साठली तिची मोजदाद कोणत्याही अहवालात नाही.

*

रॅकहॅमने शिकविलेली गोष्ट अशी की बन पाहावयाचे तर भोवतालची गावेही पाहिली पाहिजेत. म्हणून माळावरून आम्ही गावात आलो.

नान्नज हे नाव शेतीच्या जगात वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. येथील प्रयोगशील बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने द्राक्षाचे नवे वाण काढले. त्यांतील ‘सोनाका’ या वाणाच्या नावात सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. ‘शरद सीडलेस’ हे काळे द्राक्षही त्यांचेच. ज्या मुरमाड जमिनीला विंगेटच्या मोजणीने फार तर दोन-चार आण्यांची प्रत दिली असती तेथे विहीर, कूपनलिका आणि ठिबक यांच्या बळावर निर्यातीची द्राक्षे पिकली. हा पराक्रम आहे आणि तो पराक्रम म्हणूनच सांगितला पाहिजे. परंतु द्राक्षबाग म्हणजे तारा, मांडव, फवारणी आणि बारमाही माणसांचा वावर. मालदांडी ज्वारीच्या मोकळ्या रानात जो पक्षी चरत असे त्याला बागेत पाऊल ठेवता येत नाही. एकाच गावाच्या नावावर दोन कीर्ती आहेत आणि त्या एकमेकींना पारख्या आहेत.

एका बागायतदाराने आम्हांला चहा दिला आणि शांतपणे विचारले, “तुम्ही शहरातून पक्षी बघायला येता. आमच्या पोरांना चांगलं चाललेलं बघायला कुणी येतं का?” आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हते. माळढोकाचा प्रश्न हा पक्षी विरुद्ध शेतकरी असा मांडला गेला की शेतकऱ्याची बाजू घेणे हे सोपेही असते आणि न्याय्यही वाटते. प्रश्न तसा मांडला गेला, याचेच आम्हांला वाईट वाटते. पूर्वीचा जिराईत शेतकरी, मेंढपाळ आणि हा पक्षी यांची एकाच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली होती, ही गोष्ट त्या मांडणीतून पार निसटते.

मार्डीच्या यमाई मंदिराच्या वाटेवर आम्हांला एक वृद्ध मेंढपाळ भेटले. विद्यार्थ्यांनी त्यांना गवतांची नावे विचारली. त्यांनी बसल्या जागी हाताने उपटून दाखविली : कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा. मारवेल जनावरांना सर्वांत प्रिय. कुसळी कोवळी असेतो मेंढरे खातात. एकदा कुसळ धरले की तेच कुसळ लोकरीत शिरून कातडीत रुतते, मग त्या रानाकडे कळप वळवायचा नाही. कोणत्या पंधरवड्यात कोणत्या उतारावर जायचे हे ते गवतावरून ठरवीत होते. लांडग्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी शिवी दिली नाही. “त्याचा वाटा तो नेतो,” एवढेच म्हणाले. आमच्या सतरा विद्यार्थ्यांपैकी एकालाही या चारही गवतांची नावे ठाऊक नव्हती. आम्हा तिघा प्राध्यापकांनाही नव्हती. एम.ए.ला आम्ही तृणवाचक संस्कृत शब्द मात्र पाठ केले होते.

*

मग साहित्यात हा माळ अगदीच आला नाही काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही माळाचीच कादंबरी आहे. तिच्यातील माणदेश आपल्या सांगोल्याला लागून आहे. तेथील धनगर, मेंढरे, दुष्काळात रिकामी होत जाणारी वाडी हे सारे आपल्या शेजारचे आहे. पण आपण ती शिकविताना ‘ग्रामीण कादंबरी’ या शीर्षकाखाली शिकवितो आणि तिच्यातील भूमीला ‘वातावरणनिर्मिती’ या एका मुद्द्यात गुंडाळतो.

रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले आणि धनगरी परंपरेतील विठ्ठल-बिराप्पा या जोडीकडे लक्ष वेधले. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या पशुपालकांच्या देवांचा माग काढीत दख्खनचे माळ पायांखाली घातले. मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला आजही दिवाळीत म्हाळिंगरायाच्या भेटीसाठी पालख्या येतात आणि भंडाऱ्याने सारा परिसर पिवळा होतो. ढेरे आणि सोंथायमर यांचे म्हणणे मान्य केले, तर ज्या भूमीला आपण ‘ओसाड’ म्हणतो तिनेच मराठी संस्कृतीचे आराध्यदैवत दिले, असे म्हणावे लागेल. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे, हे आपण कितीदा विसरतो!

आणि मारुती चितमपल्ली. १९३२मध्ये सोलापुरात जन्मलेला हा लेखक वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालवून ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘चकवाचांदण’ अशा पुस्तकांनी मराठीत अरण्यविद्या आणता झाला. २००६मध्ये सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अखेरची वर्षे पुन्हा सोलापुरात काढून १८ जून २०२५ रोजी ते येथेच निवर्तले. त्यांची अरण्ये मुख्यतः विदर्भातली : नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. वनखात्याच्या नोकरीने त्यांना जेथे नेले तेथले त्यांनी लिहिले, यात गैर काहीच नाही. मात्र त्यांचे एक मोठे काम आमच्या दृष्टीने माळालाही लागू पडणारे आहे. रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी जपून टिपून ठेवले. झाडाचे, पाखराचे, प्राण्याच्या सवयीचे असे शब्द, जे कोशकारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. विदर्भातील अरण्यासाठी जे त्यांनी केले ते आमच्या माळासाठी अजून कोणी केलेले नाही.

*

या लेखाच्या आरंभी इंग्लंडातील बनाचा उल्लेख आला. त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर आपल्याकडे इंग्रजांचे कौतुक आणि स्वतःची निंदा एवढेच हाती राहील. इंग्लंडातही एकेकाळी माळढोकाचा मोठा भाऊबंद राहत होता. मोकळे माळ कुंपणांत गेले, शेती बदलली, शिकारी झाल्या आणि १८३०च्या दशकात तो त्या देशातून नाहीसा झाला. जॉन क्लेअर (१७९३–१८६४) हा शेतमजूर कवी ज्या हेल्पस्टन गावचा, तेथील सामाईक जमिनींना कुंपण घालण्याचा कायदा १८०९ सालचा. क्लेअरने आयुष्यभर त्या हरवलेल्या माळाचा शोक केला. नेमक्या त्याच १८०९पासून १८२९पर्यंतच्या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आहे. तो आकडा आम्ही दोनदा तपासून पाहिला. जगात आज जेवढे उरले आहेत त्याच्या सहापटीहून अधिक पक्षी एका माणसाने एका जिल्ह्यात मारले. आणि तरीही माळ शाबूत होता, म्हणून पक्षी पुन्हा वाढले. बंदुकीने जे साधले नाही ते पुढे माळ मोडल्याने साधले.

२००४पासून इंग्लंडने, आरंभी रशियातून पिल्ले आणून, सॅलिसबरीच्या माळावर तो पक्षी पुन्हा वसविण्याचा प्रयत्न चालविला आहे. आपल्याकडेही २०१९पासून जैसलमेरजवळ माळढोकाची बंदिस्त पैदास सुरू आहे आणि तेथे पिल्ले वाढत आहेत. उद्या त्यांना मोकळे सोडावयाचे झाले तर कोठे सोडणार? माळ लागेलच.

*

त्या सहलीनंतर आम्ही निबंधाचा विषय बदलला नाही, फक्त एक शब्द बदलला. ‘मी पाहिलेले वन’ऐवजी ‘मी पाहिलेले रान’ असा विषय दिला.

आमच्या लक्षात ही गोष्ट फार उशिरा आली. सोलापूरकडच्या बोलीत शेताला ‘रान’ म्हणतात. ‘आई रानात गेली’ म्हणजे आई अरण्यात गेली नव्हे, ती खुरपायला गेली. ‘दोन एकर रान आहे’ म्हणजे दोन एकर शेत आहे. आणि मेंढरे चरतात तेही रानच, काळवीट उड्या मारतात तेही रानच. कायद्याने आणि प्रमाण भाषेने ज्या दोन गोष्टी तोडून वेगळ्या केल्या, शेत आणि वन, त्यांना आमची बोली अजून एकाच शब्दात सामावून घेते. त्या शब्दात माळढोकाला जागा होती. कुरण, खराबा, वन, अभयारण्य ही चारही नावे दप्तरातून माळावर उतरली. ‘माळ’ आणि ‘रान’ हे शब्द माळावरच्या माणसांचे आहेत.

त्या वर्षीचे निबंध सरस होते असा आमचा दावा नाही. झुळझुळणारे झरे काही वह्यांतून पुन्हा वाहिलेच. परंतु रानमसल्याच्या एका मुलाने आजीला विचारून अकरा गवतांची नावे लिहून आणली होती. त्यांपैकी पाच आम्हांला कोणत्याही कोशात सापडली नाहीत. ती आम्ही विभागाच्या वहीत उतरवून घेतली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या गावी माळ असेल आणि घरात गवत ओळखणारे वृद्ध माणूस असेल, तर त्यांनी या दिवाळीच्या सुटीत एवढे एक काम करावे, अशी आमची विनंती आहे. नाव, गवताचा नमुना, गाव आणि सांगणाऱ्याचे वय, इतकी नोंद पुरेशी होईल. गवत वाळल्यावर ओळखू येत नाही. म्हणून हे काम कार्तिकाच्या आत व्हावयास हवे.